बारा नंबरचं लाल औषध

कंपाउंडर म्हणजे बाटलीत पाणी भरून देणारा माणूस, असा पुष्कळांचा समज असतो. तो अगदीच खोटा नाही. किती खरा आहे, तेच आज लिहायला बसलो आहे. आमच्या संपादकमित्रांना दिवाळीसाठी काहीतरी हलकंफुलकं हवं होतं. हलकं आहे ते आधी देतो, म्हणजे जड आहे ते कुणी वाचलं नाही तरी अंक वाया जायचा नाही.

व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, झाल्यावर, सन तीसच्या मागेपुढे, मी बारामतीला डॉक्टर लिमयांच्या दवाखान्यात लागलो आणि तिथं दहा वर्षं काढली. दवाखाना म्हणजे पुढं ओटा, आत डॉक्टरांची तपासायची खोली आणि तिला लागून माझी औषधांची खोली. माझ्या खोलीला ओट्यावर उघडणारी एक खिडकी होती. डॉक्टर तपासून चिठ्ठी लिहायचे, चिठ्ठी मधल्या दारातून माझ्याकडे यायची आणि औषध खिडकीतून बाहेर जायचं. खलात घोटणं, तराजूवर तोलणं, पुड्या बांधणं, मिक्श्चर करणं ही सगळी माझी कामं.

बाटली मात्र पेशंटानं घरून आणायची. केसाच्या तेलाची यायची, रॉकेलची यायची. ती मी गरम पाण्यानं आणि राखेनं धुऊन घ्यायचो. औषध भरलं की बाटलीला कागदाची पट्टी लावायची. पट्टीची घडी घालून कात्रीनं कडा कातरल्या की उलगडल्यावर तिला दाते दिसतात. एक दाता म्हणजे एक डोस. पट्टी डिंकानं चिकटवायची, आणि ती सरळ लागली पाहिजे. तिरकी लागली तर पेशंट पहिल्या दिवशी जास्त पितो आणि शेवटच्या दिवशी कमी. माझी पट्टी तिरकी लागत नसे, याचा मला त्या काळी भारी अभिमान होता.

एकदा एक म्हातारबाबा रिकामी बाटली घेऊन आले. बाटलीवरची पट्टी नाहीशी झाली होती. मी विचारलं, "आबा, पट्टी कुठं गेली?"

"खाल्ली की," आबा म्हणाले. "तुमीच म्हनला, येका येळंला येक दाता. कातरून औषधासंगं गिळला. जरा चिवट लागतंय."

मी हसून हसून बेजार झालो. चार दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला ही गोष्ट सांगत होतो. खिडकीतून आपण जे बोलतो ते माणसं किती मनावर घेतात, हे मला खरं तर त्याच दिवशी कळायला हवं होतं.

आता बारा नंबर. रोज लागणारी मिक्श्चरं आम्ही मोठ्या बरण्यांत करून ठेवत असू आणि त्यांना नंबर होते. चार नंबर खोकल्याचं, सात नंबर तापाचं, नऊ नंबर जुलाबाचं. डॉक्टर चिठ्ठीवर नुसता आकडा लिहायचे. बारा नंबरमध्ये असायचं साखरेचा पाक, पेपरमिंटचे थेंब, लाल रंग घातलेला वेलदोड्याचा अर्क आणि बाकी सगळं पाणी. त्या अर्कामुळं औषधाला सुरेख डाळिंबी रंग यायचा. ज्याला काहीही झालेलं नाही पण औषध घेतल्याशिवाय जो दवाखान्याची पायरी उतरणार नाही, त्याच्यासाठी बारा नंबर.

बारा नंबरचे सर्वांत मोठे भक्त म्हणजे इंदापूरचे तात्या. बाजाराच्या दिवशी आम्ही सर्व्हिसच्या मोटारीनं, म्हणजे त्या काळच्या खासगी बसनं, इंदापूरला जायचो आणि एका भाड्याच्या खोलीत दिवसभर दवाखाना चालवायचो. तात्या महसुलातून निवृत्त झालेले, प्रकृती खणखणीत, आणि नोकरी सुटल्यापासून छातीत धडधड. बारा नंबरशिवाय त्यांना झोप लागत नसे. एकदा लाल अर्क संपला होता, म्हणून मी तेच औषध रंगाशिवाय दिलं. तात्यांनी एक घोट घेतला आणि बाटली परत केली. म्हणाले, "कंपौंडर, ह्ये पानी हाय." तात्यांनी जन्मात केलेलं अचूक निदान तेवढंच.

हे हलकं इथं संपलं.

लहान मुलांचे आजार त्या काळी कसे असत, ते आजच्या आईबापांना सांगून पटायचं नाही. आज सुई टोचली की उतरणारा ताप तेव्हा मूल घेऊन जायचा. घटसर्पाची लस पुण्याहून मागवावी लागे आणि ती येईपर्यंत उशीर झालेला असे. बाकी पुष्कळ आजारांवर डॉक्टरांकडं नाव होतं, पण औषध नव्हतं. अशा वेळी डॉक्टरला औषधाचं नाही, दुसऱ्याच एका गोष्टीचं ठरवावं लागतं. घरच्यांना सांगायचं का? सांगायचं तर काय सांगायचं? हे कोणत्याही पुस्तकात दिलेलं नव्हतं. आमच्या डॉक्टरांना ते जळोचीच्या एका पोरीनं शिकवलं, आणि मला ते काटेवाडीच्या एका पोरानं उलटं करून शिकवलं.

जळोचीची चंपा पाच वर्षांची होती. न्यूमोनियाचा आठवा दिवस. डॉक्टर तेव्हा नवे होते, सरळ बोलणारे. आईबापाला अंधारात ठेवू नये, अशी त्यांची शिकवण. सकाळी पोरीला पाहिलं आणि बाहेर येऊन बापाला आणि पोरीच्या आत्याला सांगितलं, "आता माझ्या हातात काही नाही. फार तर संध्याकाळपर्यंत."

तिसऱ्या दिवशी ती आत्या चंपाला कडेवर घेऊन आमच्या ओट्यावर उभी. पोरगी टुकूटुकू बघत होती. न्यूमोनियाचं असंच असतं. नवव्या दिवसाच्या आसपास कधी कधी एकदम घाम फुटतो, ताप उतरतो आणि गेलेलं मूल परत येतं. डॉक्टरांना आनंद झाला. ते हसत पुढं आले, तर बाई म्हणाली:

"हसू नका, डाक्टर. पोरगी जगली ती तिच्या नशिबानं. तुमच्या तोंडातनं निघालं आन् आमी तिला खाटंवरनं खाली घेतली. सारवलेल्या भुईवर. दूध तोडलं, का तर दुधानं जीव कुडीत अडकतोय. तोंडात तुळशीचं पान ठिवलं. दिसभर पानी पानी करत हुती. वरडू नये म्हनून म्या तिच्या तोंडावर हात ठिवला. आता सांगा, ह्यो हात म्या कुठं न्यावा?"

डॉक्टर आत जाऊन खुर्चीवर बसून राहिले. त्या दिवशीचे उरलेले पेशंट मी परत पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "विष्णू, यापुढे या दवाखान्यातून आशा नाही असं कुणालाही सांगितलं जाणार नाही. मी सांगणार नाही आणि तूही नाही." आणि त्या दिवसापासून बारा नंबरला एक नवं काम लागलं. ज्या मुलासाठी काही करता येणार नाही असं डॉक्टरांना दिसे, त्याच्या चिठ्ठीवर ते बारा लिहीत. घरात औषध चालू आहे तोवर दूध-पाणी चालू राहतं, असा त्यांचा हिशेब. तो चुकीचा नव्हता. मला तर तो फार शहाणपणाचा वाटला, आणि मी लाल अर्क थोडा जास्त घालायला लागलो.

तीन-चार वर्षं असं चाललं. मग एका फाल्गुनात सखाराम आला.

सखाराम काटेवाडीचा. तिशीचा, उंच, कमी बोलणारा. पाटाच्या पाण्यावर त्याचा थोडा ऊस होता आणि वांगी-मिरचीचं माळवं. त्याचा मुलगा म्हादू सहा वर्षांचा. त्याला बैलगाडीत गवतावर निजवून आणलं होतं. पंधरा दिवस डोकं दुखत होतं, ओकाऱ्या होत होत्या, आणि आता मान ताठ झाली होती आणि एक डोळा तिरळा. डॉक्टरांनी पुष्कळ वेळ तपासलं. त्यांनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्याचं नाव काढलं नाही, त्यावरून मी समजलो. मेंदूच्या आवरणाचा क्षय. पुढं दहा-बारा वर्षांनी त्यावर औषध निघालं. तेव्हा पुण्यात नव्हतं, मुंबईत नव्हतं, विलायतेतही नव्हतं. मूल दोन-तीन आठवड्यांत जायचं, आणि तो नेम कधी चुकत नसे.

चिठ्ठी आली. बारा नंबर, आठ दिवसांचं.

आता माझी चूक सांगतो. पाकाचं औषध उन्हाळ्यात आंबतं. तीन-चार दिवसांत बूच उडतं आणि वास सुटतो. म्हणून उन्हाळ्यात मी सगळ्यांनाच एक वाक्य ऐकवत असे, "औषध ताजं पाहिजे, शिळं चालत नाही." त्यात पाकाची काळजी होती तशीच थोडी ऐटही होती. माझ्या हातचं औषध म्हणजे काही लोणचं नव्हे, हे लोकांना कळावं असं मला वाटे. सखारामलाही मी तेच ऐकवलं, आणि आठ दिवसांच्या जागी एका दिवसाचं भरून दिलं. वर म्हणालो, "रोज ताजं नेलंत तर उत्तम."

लोक हे ऐकून सोडून द्यायचे आणि चार दिवसांनी यायचे. सखारामनं सोडून दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायला गेलो तर तो ओट्यावर बसलेला. काटेवाडी सहा मैल. धार काढून दिवस उगवायच्या सुमाराला निघायचा, बारामतीत यायचा, औषध घ्यायचा आणि सहा मैल परत. घरी पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर आलेला असे. तिसऱ्या दिवशी आला, चौथ्या दिवशी आला. इंदापूरच्या दिवशी मी मोटारीत बसण्याआधी त्याची बाटली भरून द्यायचो. सर्व्हिसच्या मोटारीचा भरवसा नसे, म्हणून पायी. औषध उन्हानं तापू नये म्हणून तो आमच्या ओट्यावरच्या रांजणात एक फडकं भिजवायचा, पिळायचा आणि बाटलीभोवती गुंडाळायचा. वाटेत दोनदा ते पुन्हा भिजवायचा, असं त्यानं मला सांगितलं. पाटाच्या पाण्याची त्याची पाळी आली तीही त्यानं भावकीतल्या एकाला देऊन टाकली. ऊस वाळला तर वाळला.

मी बाटली भरत असताना तो खिडकीशी उभा राहून म्हादूची हकीकत सांगायचा.

"काल उलटी झाली न्हाय. लाल औषध लागू पडलंय."

किंवा, "दुपारच्याला गुंगीत आसतंय. सकाळच्या पारी मातूर शुद्धीवर येतंय. बोलतंय बी."

"काय बोलतो?" मी एकदा विचारलं.

"म्हनतंय, आबा, जाऊ नगंसा, हितंच बसा. माझं बोट धरतंय. मी म्हनलं, आरं, तुझं औषध आनतो आन् मग हायच की हितं." असं म्हणून सखाराम थोडा हसला. "लई गुणाचं हाय वं पोरगं. बोट सोडतंय."

मी बूच लावलं आणि बाटली दिली. माझ्या हातून ते कसं झालं, हे मला आज सांगता येत नाही.

त्या आजारात मुलाला दिवसाचा तेवढाच वेळ शुद्ध असते, आणि तोही दिवसेंदिवस कमी होत जातो. हे मला ठाऊक होतं. सखाराम नेमका त्याच वेळेला बारामतीच्या रस्त्यावर असायचा, आणि तो माझ्या एका वाक्यानं तिथं होता.

नवव्या की दहाव्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो. म्हणालो, "डॉक्टर, काटेवाडीचा तो माणूस रोज बारा मैल चालतो. पाण्यासाठी."

"मला ठाऊक आहे. रोज दिसतो मला."

"त्याला सांगू या."

"काय सांगणार? जळोची विसरलास?"

"मूल मरणार असं नको सांगायला. नुसतं, रोज येऊ नका म्हणू."

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "विष्णू, माझा पहिला मुलगा गेला तेव्हा मी सहा दिवस त्याच्या उशाशी बसून होतो. डॉक्टर होतो, तरी करण्यासारखं काही नव्हतं. नुसतं बघत बसायचं. त्या सहा दिवसांत कुणी मला म्हणालं असतं की पुण्याला चालत जा, तर मी आनंदानं गेलो असतो. हा चालतोय तोवर पोरासाठी काहीतरी करतोय. ते त्याच्याकडून काढून घेऊ नकोस."

मी म्हणालो, "पण पोरगं त्याला बस म्हणतंय."

"तुला मूल नाही," डॉक्टर म्हणाले. ते रागानं म्हणाले नाहीत. तेव्हा मला मूल नव्हतं हे खरंच. पुढं तीन झाली. आणि आज मला वाटतं की डॉक्टरांचं त्यांच्यापुरतं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं. फक्त काय हवं ते सखारामला आणि म्हादूला कुणीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या अकलेनं एक युक्ती केली. मोठी बाटली घेतली, आठ दिवसांचं औषध भरलं, आठवड्याची पट्टी लावली आणि म्हणालो, "सखाराम, हे टिकाऊ केलंय. आता आठ दिवस यायची गरज नाही."

सखारामनं बाटली हातात घेतली, उजेडात धरून पाहिली आणि खिडकीत परत ठेवली.

"न्हाय, कंपौंडरसाहेब. तुमीच म्हनला ताजं पायजे. मला चालायचा कंटाळा न्हाय. तुमाला रोज भरायचा तरास हुत आसंल, तर तसं सांगा. पर शिळं द्यायचं व्हय आजारी पोराला?"

त्यानं माझंच वाक्य माझ्यापुढं उभं केलं होतं. तिथं एकच उत्तर होतं. ते पाणी आहे, असं सांगायचं. ते मी सांगितलं नाही. डॉक्टरांचा हुकूम होता ही एक गोष्ट, आणि त्याच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही ही दुसरी. मोठी बाटली ओतून टाकली आणि एका दिवसाचं भरून दिलं.

असे एकोणीस दिवस झाले. विसाव्या दिवशी, चैत्राचं ऊन चांगलं तापलेलं, सखाराम खिडकीशी उभा होता आणि मी पट्टीला डिंक लावत होतो. रस्त्यावरून एक माणूस सायकल हाकत आला. ओट्याशी उतरला, सायकल तशीच आडवी टाकली. तो सखारामचा मेव्हणा होता. धापा टाकत होता, त्यामुळं लगेच बोलता येईना, पण न बोलताही कळलं.

"कवा?" सखारामनं विचारलं.

"तू निघालास आन् घटकाभरानं. शुद्धीवर हुता. तुझं नाव घेत हुता."

सखाराम माझ्याकडं वळून म्हणाला, "झालं का औषध?"

मी बाटली दिली. न देऊन काय करणार होतो? त्यानं रांजणात फडकं भिजवलं, पिळलं, बाटलीभोवती नीट गुंडाळलं आणि मेव्हण्याच्या सायकलवर मागं बसला. मी आत गेलो आणि बारा नंबरच्या बरणीसमोर उभा राहिलो. मला रडू आलं. डॉक्टर दारात आले, मला पाहिलं आणि परत गेले.

पुष्कळ दिवस सखाराम दिसला नाही. चैत्र गेला, वैशाख निम्मा झाला. मग एका सकाळी तो आला, बरोबर तीन वर्षांची मुलगी. म्हादूची धाकटी बहीण, गोदी. तिला खोकला होता. म्हादूच्या घरातलं मूल म्हणून डॉक्टरांनी तिला दोनदा तपासलं, पाठ-छाती पुन्हा पुन्हा ऐकली. छाती साफ होती. साधा खोकला. चिठ्ठी आली, चार नंबर.

चार नंबरचं औषध तपकिरी आणि कडू. मी बरणी उचलली तर सखाराम म्हणाला, "ह्ये नगं. म्हादूचं लाल औषध द्या."

त्यानं बाटली पुढं केली. तीच, विसाव्या दिवशीची. आतून-बाहेरून लख्ख धुतलेली.

"खोकल्याला हे चांगलं," मी म्हणालो.

"आसंल. पर त्या लाल औषधानं म्हादू ईस दिस टिकला. गावात समदी म्हनत्यात, एवढं कुनाचं टिकत न्हाय. हिला बी त्येच द्या. मी येतो रोज. ताजं न्हेतो."

मला अजून आठवतं, मी काय केलं ते. चार नंबर बाटलीत भरलं आणि लाल अर्काची शिशी हातात घेतली. अर्क सढळ हातानं टाकला असता तर औषध खरं, रंग लालसर, सखाराम खूश, गोदी बरी. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. आणि सखाराम पुन्हा रोज बारा मैल चालणार होता, आणि गावातलं प्रत्येक आजारी मूल आता त्या लाल पाण्यासाठी येणार होतं. मी शिशी परत फळीवर ठेवली.

"सखाराम," मी म्हणालो, "ते औषध नव्हतं."

"म्हंजी?"

"पाणी होतं. साखरेचं पाणी, वर रंग. म्हादूच्या आजाराला औषधच नव्हतं. इथं नाही, कुठंच नाही. ते आम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

तो ओरडेल, बाटली फोडेल, माझ्या गळ्याला हात घालेल, असं सगळं मनात येऊन गेलं. त्यातलं काहीच झालं नाही. तो विचार करत होता. मग हळू म्हणाला, "ताजं न्यायला पायजे म्हनला हुता."

"ते मी उगाच म्हणालो. सवयीनं."

"म्हंजी मी घरी बसलो आसतो तरी चाललं आसतं."

"हो," मी म्हणालो.

मधल्या दारात डॉक्टर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते पुढं आले आणि म्हणाले, "सखाराम, लिहून मी दिलं होतं. यानं मला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही." सखारामनं त्यांच्याकडं पाहिलं. "आसू द्या," एवढंच बोलला. आसू द्या म्हणजे माफ केलं, असं मी कधी धरलं नाही आणि डॉक्टरांनीही धरलं नाही.

त्यानंतर आमच्या दवाखान्याची रीत बदलली. मुलांना बारा नंबर बंद. जिथं उपाय नसे तिथं डॉक्टर आईला आणि बापाला दोघांनाही समोर बसवत. जळोचीच्या वेळी आईला बाजूलाच ठेवलं होतं. म्हणत, "या आजाराला माझ्याकडे औषध नाही. पण माझा अंदाज चुकू शकतो, जळोचीला चुकला होता. तेव्हा दूध-पाणी थांबवायचं नाही, मुलाला खाली घ्यायचं नाही. आणि मूल ज्याला बस म्हणेल त्यानं जागचं हलायचं नाही. हेच औषध समजा." कुणी शिव्या दिल्या, कुणी तिथूनच देवऋष्याकडे गेले. दोन-तीन जणांनी पुढं कधी तरी येऊन सांगितलं की बरं झालं सांगितलंत. पुढच्या पाच-सहा वर्षांत दोन-तीन. बाकीच्यांना काय वाटलं, मला ठाऊक नाही. तात्यांचा बारा नंबर मात्र शेवटपर्यंत चालू होता.

त्या दिवशीचं थोडं राहिलं. डॉक्टर आत गेल्यावर मी चार नंबरच्या बाटलीला पट्टी लावली. ती तिरकी लागली. मी ती बदलली नाही, नुसतं कुठवर प्यायचं ते बोटानं दाखवलं. सखारामनं बाटली घेतली आणि विचारलं, "ह्ये तरी रोज ताजं लागतंय का?"

"नाही. आठ दिवस टिकतं. आठ दिवस येऊ नका, घरीच राहा."

तो मान हलवून रांजणाकडे गेला. सवयीनं कमरेचं फडकं काढलं, पाण्यात बुडवलं, पिळलं आणि बाटलीभोवती गुंडाळायला लागला. मग थांबला. माझ्याकडं पाहून म्हणाला, "ह्ये गार ठिवायला लागत न्हाय न्हवं?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं ते ओलं फडकं गोदीच्या तोंडावरून फिरवलं, मानेवरून फिरवलं, बाटली बंडीच्या खिशात टाकली. मग तिला आपलं बोट धरायला दिलं आणि तिच्या पावलानं, अगदी हळू, काटेवाडीच्या रस्त्याला लागला.